पानाच्या माथ्यावरची ओळ

कीर्तनाला उशिरा पोचलेला माणूस मांडवात मागे कुठेतरी बसतो आणि शेजारच्याला हळूच विचारतो, "आख्यान कुठलं लावलंय?" शेजारचा बुवांवरची नजर न काढता दोन शब्दांत सांगतो आणि उशिरा आलेला कथेत सामील होतो. पुस्तकात शेजारच्याचं हे काम पानाच्या माथ्यावरची बारीक ओळ करते. छपाईच्या धंद्यात तिला रनिंग हेडर म्हणतात. कित्येक डीटीपी ऑपरेटर पृष्ठांकासकट त्या सगळ्याला फोलिओच म्हणतात.

मी पुस्तकांची पानं लावते. नवं पुस्तक हाती आलं की आधी ते मध्येच कुठेतरी उघडते आणि ही ओळ बघते. पुस्तक करणाऱ्यांनी वाचकाचा किती विचार केला आहे, ते तिथे कळतं असं माझं मत आहे. मजकूर लेखकाचा असतो, मुखपृष्ठाला विक्रीचंही पाहावं लागतं, प्रस्तावना बहुतेकदा स्नेहापोटी लिहिलेली असते. माथ्याची ओळ निव्वळ वाचकासाठी असते, आणि तीही सुरुवातीपासून हजर नसलेल्या वाचकासाठी. कुणी संदर्भ शोधत आलेला असतो, कुणाला कालच्या जागेवरून पारायण पुढे न्यायचं असतं, कुणी विद्यार्थी ग्रंथालयातून एका प्रकरणाची झेरॉक्स काढून घरी जातो आणि महिन्याभराने ते सुटं पान हातात घेऊन हे कुठल्या पुस्तकातलं, म्हणून आठवत बसतो.

पोथ्या लिहिणाऱ्यांना ही गरज फार आधी कळली होती. देवनागरी हस्तलिखित पोथी म्हणजे सुटी पानं. शिवण नाही, बांधणी नाही, वर-खाली फळ्या आणि भोवती रुमाल. एखादं पान दुसऱ्या पोथीत मिसळलं तर ओळखायचं कसं? म्हणून पानाच्या मागच्या बाजूला डाव्या कडेला वर ग्रंथाच्या नावाची आद्याक्षरं लिहायची, उजव्या कडेला खाली पत्रांक टाकायचा आणि बहुतेकदा त्याच्यासोबत 'राम' लिहायचं, अशी रीत पडली. पुढे छापील पोथ्यांनीही ही रीत उचलली. पान कितीही भटकलं तरी ते कुणाचं आणि कितवं, हे त्याच्या अंगावर लिहिलेलं असे.

खिळ्यांच्या छपाईत ही ओळ वेगळ्या अर्थाने टिकाऊ झाली. फर्मा, म्हणजे एकत्र बांधून एकदम छापायची पानं, छापून झाला की मजकुराचे खिळे सोडून पुन्हा केसमध्ये टाकायचे, पण माथ्याची ओळ सोडायची नाही. ती तशीच उचलायची आणि पुढच्या फर्म्याच्या पानांवर बसवायची. त्यामुळे त्या ओळीतलं एखादं टवका उडालेलं अक्षर ठरावीक पानांनंतर पुन्हा पुन्हा भेटतं. फ्रेडसन बॉवर्स या अमेरिकन अभ्यासकाने १९३८ साली यावर एक लेख लिहिला. शेक्सपिअरच्या काळातल्या छापील नाटकांच्या माथ्याच्या ओळी कुठे कुठे परत येतात ते बारकाईने पाहिलं, तर छापखान्यात फर्मे कसे बांधले आणि कुठल्या क्रमाने यंत्रावर चढवले याचा माग लागतो, असं त्याने दाखवलं. वाचकाने जिच्याकडे सहसा बघितलंही नसेल, त्या ओळीने छापखान्याचा दिनक्रम साडेतीनशे वर्षं जपून ठेवला होता.

पण तीच ओळ उचलून पुन्हा वापरायची, तर ती सगळीकडे सारखीच हवी. प्रकरणाचं नाव द्यायचं झालं तर दर प्रकरणाला ओळ नव्याने जुळवा, डावी-उजवी सांभाळा, फर्म्यात ती योग्य पानावर गेली की नाही ते तपासा. म्हणून पुस्तकाचं नाव दोन्हीकडे टाकणं सोयीचं होतं, आणि ही सवय खिळे गेल्यावरही राहिली. आजही अनेक मराठी पुस्तकांत पानाच्या तळाशी पुस्तकाचं नाव, एक तिरपी रेघ आणि पृष्ठांक एवढंच असतं. झेरॉक्स नेणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग होतो हे खरं. पण तीस लेखांच्या संग्रहात प्रत्येक पानावर संग्रहाचंच नाव वाचून कुणालाही काही नवं कळत नाही. ते नाव मुखपृष्ठावर वाचूनच वाचकाने पुस्तक उघडलेलं असतं.

संगणकावर पानं लावायला लागल्यावर ही अडचण संपायला हवी होती, पण ती लगेच संपली नाही. पानं लावण्याचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर १९८५ साली आलं आणि मराठी डीटीपीची कितीतरी वर्षं त्याच्यावर निघाली. मास्टर पेजवर, म्हणजे सगळ्या पानांच्या साच्यावर, एकदा खूण केली की पृष्ठांक आपोआप पडू लागले, पण प्रकरणाचं नाव हातानेच टाकायचं ही पद्धत चालू राहिली. पुढे इनडिझाइन या सॉफ्टवेअरच्या सीएस३ आवृत्तीत, २००७ साली, टेक्स्ट व्हेरिएबल नावाची सोय आली. तिच्यात रनिंग हेडर हा एक प्रकार आहे. टाइप मेनूत टेक्स्ट व्हेरिएबल्स, तिथे डिफाइन, मग न्यू. कुठल्या पॅराग्राफ स्टाइलमधला मजकूर उचलायचा ते सांगायचं. पानावर त्या स्टाइलचे एकाहून जास्त परिच्छेद असतील तर पहिला घ्यायचा की शेवटचा, तेही सांगायचं. हे व्हेरिएबल मास्टर पेजच्या माथ्यावरच्या चौकटीत घालायचं. अलीकडच्या आवृत्त्यांत त्या पानाला पॅरेंट पेज म्हणतात. तिथे ते कोनी कंसात आपलं नुसतं नाव दाखवतं. प्रत्यक्ष पानावर मात्र ते त्या पानातलं शीर्षक शोधतं आणि माथ्यावर आणून ठेवतं. पानावर शीर्षक नसेल तर मागे जात जात जे सर्वांत जवळचं सापडेल ते घेतं. वर्डमध्येही स्टाइलरेफ नावाचं फील्ड जवळपास हेच काम करतं.

याला एक अट आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. शीर्षकाला शीर्षकाची स्टाइल दिलेली असली पाहिजे. आपल्याकडे मजकूर निवडायचा, अक्षर अठरा पॉइंट करायचं, ठळक करायचं, मध्यावर आणायचं, की झालं शीर्षक, असं वर्षानुवर्षं चालत आलं आहे. डोळ्याला ते शीर्षक दिसतं. सॉफ्टवेअरला मात्र तो इतर परिच्छेदांसारखाच एक परिच्छेद, फक्त अक्षर मोठं. माथ्याची ओळ आपोआप यायची असेल तर आधी अख्खं पुस्तक वाचून त्यातल्या प्रत्येक ओळीला ती कोण आहे ते सांगावं लागतं. हे प्रकरणाचं नाव, हे उपशीर्षक, हे लेखकाचं नाव, ही अर्पणपत्रिका, हा उतारा. कित्येकदा याच टप्प्यावर पुस्तकातला विस्कळीतपणा पहिल्यांदा उघड होतो. एका प्रकरणात उपशीर्षकं आहेत, दुसऱ्यात नाहीत. एका ठिकाणी जे उपशीर्षक आहे, ते दुसरीकडे ठळक केलेलं साधं वाक्य आहे. मग लेखकाला फोन करून विचारावं लागतं, आणि लेखकालाही तेव्हाच त्यावर विचार करावा लागतो.

या सोयीची खरी परीक्षा दिवाळी अंकात होते. 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली काढला. तेव्हापासून ही परंपरा चालू आहे, आणि शेवटच्या आठवड्यातली धावपळही बहुधा तेव्हापासूनचीच असावी. डाव्या पानाच्या माथ्यावर लेखकाचं नाव, उजव्या पानाच्या माथ्यावर कथेचं किंवा लेखाचं, अशी मांडणी ठरलेली असते. पानं लागलेली असतात, प्रुफं वाचून झालेली असतात, आणि संपादकांचा फोन येतो, "ताई, दोन जाहिराती वाढल्यात. पूर्ण पानाच्या. आणि ती पुरवणीतली कविता आता आत घ्यायचीय." चाळिसाव्या पानाच्या पुढचं सगळं सरकतं. जे डावं होतं ते उजवं होतं, आणि जिथे एका लेखिकेची कथा संपत होती तिथे आता दुसऱ्याचा प्रवासलेख सुरू होतो. माथ्याच्या ओळी हाताने टाकलेल्या असतील तर त्या जुन्या पानांवरच राहतात आणि एकाच्या लेखनावर दुसऱ्याचं नाव छापलं जातं. वर्षभर वाट पाहून लिहिलेल्या कथेच्या डोक्यावर भलत्याचं नाव छापून येणं लेखकाला किती लागतं, ते अशा लेखकांचे फोन घेतल्याशिवाय कळणार नाही. व्हेरिएबल असलं तर मजकूर सरकला की नावही त्याच्यासोबत सरकतं. लेखकाचं नाव आणि त्याचं लिखाण यांची फारकत होत नाही. मला या सोयीचं मोल वाटतं ते मुख्यतः यासाठी.

तरीही एक जागा अशी आहे जिथे तीच सोय उलटते. अंकात एखादं निनावी टिपण असतं. संपादकीय असेल, श्रद्धांजली असेल, संस्थेचं निवेदन असेल. तिथे लेखकाच्या नावाची ओळच नसते. सॉफ्टवेअरला त्या पानावर लेखकाच्या स्टाइलचा परिच्छेद सापडत नाही, म्हणून ते नेहमीसारखं मागे जातं, आधीच्या लेखकाचं नाव उचलतं आणि टिपणाच्या माथ्यावर ठेवतं. जिथे काही लिहिलेलं नाही तिथे आधीचंच चालू आहे, एवढंच त्याला कळतं. कुणी निनावी राहणं पसंत केलं आहे हे त्याला माणसाने सांगावं लागतं. म्हणून अशा टिपणाच्या सुरुवातीला लेखकाच्याच स्टाइलमध्ये 'संपादकीय' किंवा 'निवेदन' असा शब्द घालायचा. तेही नको असेल तर त्या पानांना माथ्याची ओळ नसलेलं मास्टर पेज लावायचं. चार कवींच्या चार कविता एकाच पानावर असतील तर मी ओळ पूर्ण काढूनच टाकते. तिघांना वगळून एकाचं नाव वर देण्यापेक्षा ते बरं.

कोशाच्या पानावर या ओळीचं काम सर्वांत कठीण असतं, आणि माझ्या मते तिथेच ती सर्वांत देखणी दिसते. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला. अशा ग्रंथात शब्द शोधणारा माणूस पान वाचत नाही, माथा वाचत पानं उलटतो. त्याला दोन शब्द हवे असतात. उघडलेल्या जोडपानाचा पहिला नोंदशब्द आणि शेवटचा. आपला शब्द त्या दोघांच्या मधला असेल तर थांबायचं, नाहीतर पुढे जायचं. इनडिझाइनमधली पहिला की शेवटचा ही निवड इथे कामी येते. डाव्या मास्टर पेजवर पानातला पहिला नोंदशब्द घेणारं व्हेरिएबल, उजव्यावर शेवटचा घेणारं. पण नोंदशब्द हा काही स्वतंत्र परिच्छेद नसतो. त्याच ओळीत पुढे लिंग, अर्थ, व्युत्पत्ती, उदाहरणं येतात. अख्खा परिच्छेद माथ्यावर जाऊन चालणार नाही. म्हणून इथे पॅराग्राफ स्टाइलऐवजी कॅरॅक्टर स्टाइल घ्यावी लागते, म्हणजे फक्त नोंदशब्दाला लावलेली स्टाइल.

इथे दक्षता लागते ती पोटशब्दांबाबत. नोंदीच्या पोटात सामासिक शब्द, म्हणी आणि वाक्प्रचार असतात आणि तेही ठळकच छापायचे असतात. दोन्हींना एकच कॅरॅक्टर स्टाइल दिली, तर उजव्या माथ्यावर नोंदशब्दाऐवजी शेवटच्या नोंदीच्या पोटातली एखादी म्हण येऊन बसते आणि शोधणारा चकतो. दिसायला दोन्ही अगदी सारखे असले तरी स्टाइली दोन वेगळ्या कराव्या लागतात. हे काम कंटाळवाणं आहे, नोंदीमागून नोंद, हजारो वेळा. आज जुने कोश पुन्हा जुळवून नव्याने निघत आहेत. ज्यांच्या हाती हे काम आहे त्यांना मी आवर्जून सांगते की हा फरक पहिल्या दिवशीच करा. सातशे पानं लावून झाल्यावर तो करता येत नाही, निदान कुणी करत नाही.

'दासबोधा'सारख्या ग्रंथात प्रश्न निराळा असतो. वीस दशक, दोनशे समास, ७७५१ ओव्या. माथ्यावर दशक आणि समास दोन्ही हवेत, म्हणून व्हेरिएबल दोन. आता एक पान असं धरा की ज्यावर सातव्या दशकाचा दहावा समास तीन चतुर्थांश पानभर चालतो आणि तळाशी आठवा दशक सुरू होतो. पानावरचं पहिलं शीर्षक घे, असं सांगितलं की सॉफ्टवेअर आठव्या दशकाचा पहिला समास उचलतं, कारण त्या पानावर सुरू होणारं पहिलं शीर्षक तेच. पण वाचकाची नजर पानाच्या माथ्यावर पडते तेव्हा समोर सातव्या दशकातल्या ओव्या असतात. डोनाल्ड कनूथ यांनी टेक्स ही आपली जुळणीची प्रणाली लिहिताना याचा फार बारीक विचार केला होता. टेक्स प्रत्येक पानासाठी तीन उत्तरं तयार ठेवतं. पान सुरू होताना काय चालू होतं, पानावर नवं पहिलं काय आलं, आणि पान संपताना काय चालू आहे. यांपैकी कुठलं दाखवायचं ते पान लावणाऱ्याने ठरवायचं. इनडिझाइनमध्ये यातलं पहिलं उत्तर मागण्याची सोय नाही. पारायणाच्या प्रतीत मी शक्यतो प्रत्येक दशक नव्या पानावर सुरू करते. कागद थोडा जास्त लागतो, पण निदान दशकापुरता तरी माथा खरं बोलतो.

देवनागरीच्याही काही मागण्या आहेत, आणि सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्या नव्हत्या. व्हेरिएबलच्या खिडकीत अक्षरं कॅपिटल करण्याचा पर्याय आहे. आपल्या लिपीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, त्यामुळे तो पर्याय निरुपयोगी, आणि जुन्या शिवाजीसारख्या फाँटमधला मजकूर असेल तर धोकादायकही. तिथे प्रत्येक मराठी अक्षर एखाद्या रोमन अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. रोमन अक्षराचं रूप बदललं की मराठी अक्षरच बदलतं. इंग्रजी पुस्तकात ही ओळ मजकुरापासून वेगळी दिसावी म्हणून तिरकी अक्षरं वापरतात. देवनागरी तिरकी केली की शिरोरेखेची सगळी शिस्त मोडते, म्हणून मी ती करत नाही. दोन पॉइंट लहान अक्षर आणि भरपूर मोकळी जागा पुरते. ओळीखाली रेघ द्यायचीच असेल तर ती खाली ओढून द्यावी लागते, नाहीतर 'कुसुम'मधले उकार आणि 'हृदय'मधला ऋकार तिला जाऊन टेकतात.

आणखी एक दोष मी अनेक छापील पुस्तकांत पाहिला आहे. आतला मजकूर शुद्ध, पण माथ्यावर तेच शीर्षक मोडलेलं. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे गेलेली, जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेलं अक्षर. कारण साधं असतं. इनडिझाइनमध्ये देवनागरी नीट जुळण्यासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर लागतो आणि तो प्रत्येक पॅराग्राफ स्टाइलमध्ये स्वतंत्रपणे निवडावा लागतो. मजकुराच्या स्टाइलमध्ये तो निवडलेला असतो, माथ्याच्या ओळीची स्टाइल मात्र तशीच राहून जाते. व्हेरिएबल फक्त मजकूर आणतं, अक्षरं जुळवण्याची रीत त्या नव्या जागेची असते.

म्हणून पीडीएफ छपाईला जाण्याआधी मी पूर्ण पुस्तकाचे फक्त माथे वाचते. मजकुराकडे बघायचंही नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वरची ओळ आणि त्या पानावर काय चाललं आहे, एवढंच ताडून पाहायचं. मुद्रितशोधकांनाही मी हे वेगळं वाचन म्हणूनच करायला सांगते, कारण मजकूर वाचताना डोळा माथ्यावरून घसरतो. या वाचनात जाहिरातीच्या पानावर चुकून राहिलेली ओळ सापडते, परिशिष्टावर राहून गेलेलं शेवटच्या प्रकरणाचं नाव सापडतं. आणि सापडतात लांब शीर्षकं. व्हेरिएबलमधला मजकूर दोन ओळींत मोडत नाही. जागा अपुरी पडली की सगळी अक्षरं एकाच ओळीत आक्रसून एकमेकांवर चढतात, आणि आपल्याकडे अपूर्णविराम देऊन पुढे उपशीर्षक जोडण्याची हौस मोठी.

अशा वेळी शीर्षकातल्या नेमक्या दोन-तीन शब्दांना कॅरॅक्टर स्टाइल लावून तेवढेच माथ्यावर घेता येतात. पण ते दोन-तीन शब्द कुठले, हे पान लावणाऱ्याने ठरवू नये असं मला वाटतं. लेखकाने संहिता देताना प्रत्येक प्रकरणाच्या पूर्ण नावाखाली माथ्यासाठीचं छोटं नाव स्वतः लिहून द्यावं आणि प्रकाशकाने ते मागून घ्यावं. पाच-सहा शब्दांच्या शीर्षकातला कुठला शब्द पन्नास पानं वाचकाच्या डोळ्यांसमोर राहायला हवा, हे ज्याने ती पन्नास पानं लिहिली त्यालाच सांगता येतं.